माहीमची जुनी फियाट आणि तिचा सायलेन्सर

माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्यालगतच्या एखाद्या गल्लीत रविवारी सकाळी कोणी आपली जुनी फियाट मोटार सुरू करावी, आणि नेहमीच्या मंद गुरगुरीऐवजी तिच्या पोटातून फाटका, कर्कश आवाज निघावा, म्हणजे काय झाले हे मालकाला सांगावे लागत नाही. गॅलरीत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनाही सांगावे लागत नाही. सायलेन्सर फुटला! वस्तू पाहू गेले तर क्षुल्लक : पत्र्याचे एक लांबट डबडे, आत काही नळ्या, पुढेमागे एकेक पाइप. नव्या मोटारीच्या मालकाला ती पैसे टाकताच मिळते. परंतु ज्या मोटारीचा कारखानाच उरला नाही, तिच्या मालकाने ती कोठून आणावी? प्रश्न साधा आहे. पण त्याचा माग काढीत गेले म्हणजे मुंबईतील मोटारींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हळूहळू उलगडू लागतो.

प्रथम या वस्तूचे काम काय ते पाहिले पाहिजे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेट घेते, त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि काम आटोपलेला तप्त वायू झडप उघडताच मोठ्या दाबाने बाहेर झेपावतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर असा झोत दर सेकंदास शंभर वेळा बाहेर पडतो. तो उघड्या हवेवर आपटला की आपल्या कानांवर तोफखानाच सुटतो. सायलेन्सर हा झोत एकदम बाहेर जाऊ देत नाही. नाटक सुटल्यावर प्रेक्षकांची गर्दी एकदम रस्त्यावर लोटली तर कल्लोळ होतो. तीच आधी ओसरीत, मग अंगणात आणि मग फाटकातून बाहेर पडली तर रस्त्यावरच्या माणसास फारसे कळतही नाही. सायलेन्सरमधील पडदे, कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या हेच काम करतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरतो, पसरतो, थोडा निवतो. आवाजाच्या लाटा भिंतींवरून परत फिरून एकमेकींस मारतात. आणि शेवटच्या नळीतून जो बाहेर येतो तो केवळ निःश्वास असतो.

या युक्तीचा उगम मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात राहणाऱ्या मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ साली मोटारीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, असे या विषयाच्या इतिहासात नमूद आहे. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन यंत्रज्ञाने बंदुकीचा आवाज दाबणारे साधन काढले आणि तेच तत्त्व इंजिनांना लावले. मौजेची गोष्ट अशी की, याच्याच पित्याने जगाला मशीनगन दिली होती. बापाने गडगडाट निर्माण केला आणि मुलाने तो शमविण्यात हयात घालविली! इंग्रजांच्या सहवासाने आपल्याकडे या वस्तूस सायलेन्सर हेच नाव रूढ झाले. आपल्या देशात ती मालकाच्या लहरीची बाब नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमानुसार प्रत्येक मोटारीस आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे.

असे असता हीच वस्तू सर्वांत आधी का मरते? याचे उत्तर पाण्यात आहे. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. मोटार दूरच्या प्रवासाला गेली तर सायलेन्सर चांगला तापतो आणि हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. परंतु माहीमहून दादरच्या मंडईपर्यंत जायचे आणि भाजी घेऊन परत यायचे, एवढीच जिची रोजची धाव, तिचा सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतल्या आत थिजते, इंधनातील गंधकाचा अंश तिच्यात मिसळून सौम्य आम्ल होते, आणि ते तळाशी साचून रात्रभर पत्रा खात बसते. त्यात माहीमचे घर समुद्राकाठचे. बाहेरून खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने, आतून आम्ल. अशा दुहेरी वेढ्यात साधा पोलादी पत्रा किती तग धरणार? म्हणून जपून व थोडी वापरलेली छोटी मोटारच सायलेन्सर लवकर गमावते. जपणुकीचे हे विपरीत फळ होय.

ही हानी केवळ आवाजापुरती नसते. फुटक्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. मोटारीच्या तळाला कोठे भोक असले तर तो आत शिरतो आणि बसलेल्या माणसास गुंगी आणतो. प्रमाण वाढल्यास प्राणही घेतो. तेव्हा जुनी मोटार हौसेची असली, तरी तिचा सायलेन्सर ही हौसेची बाब नव्हे.

आता मुंबईच्या इतिहासाकडे वळू. या शहरात पहिल्या मोटारी १८९८ साली दिसल्या. त्यांपैकी एक जमशेटजी टाटांची होती. त्या काळी मोटार ही सर्वस्वी विलायतेची वस्तू. तिचा खिळाही बोटीतून येई. मोटारीचा एखादा भाग निकामी झाला, तर मालक एजंटाच्या पेढीला कळवी, पेढी विलायतेस लिही, आणि माल बंदराला लागेपर्यंत मोटार तबेल्यात उभी राही. पुढे १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडीस मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तेथे खोक्यांतून आलेले भाग जोडले जात. तथापि ते भाग घडविले जात नसत. छोटी मोटार मध्यम वर्गाच्या आटोक्यात आणण्याचे श्रेय इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनकडे जाते. १९२२ साली निघालेल्या या चिमुकल्या गाडीचे इंजिन अवघे ७४७ घन सेंटिमीटरांचे होते. १९३६ साली इटलीच्या फियाट कारखान्याने ५६९ घन सेंटिमीटरांची गाडी काढली आणि लोकांनी तिला टोपोलिनो, म्हणजे उंदीरमामा, असे लाडके नाव दिले.

दुसऱ्या महायुद्धाने हा सर्व क्रम मोडला. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले, बोटींतली जागा लष्करी मालाने व्यापली, आणि सुट्या भागांची आयात आटली. मुंबईच्या मिस्तऱ्यांची खरी शाळा येथे भरली, असे म्हणावयास हरकत नाही. जे विलायतेहून येत नाही ते येथेच करावयाचे, नाही तर मोटार उभी ठेवावयाची, असे दोनच मार्ग उरले. तुटलेला भाग सांधणे, दुसऱ्या गाडीचा भाग कापून बसविणे, पत्रा ठोकून नवा भाग घडविणे, या विद्या त्या टंचाईत अंगवळणी पडल्या.

मोटार या देशातच घडवावी, हा विचार मात्र त्याआधीचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास परदेशी जाऊन मोटार कारखान्याची योजना सिद्ध केली होती आणि तो मुंबईत व्हावा अशी खटपट चालली होती. परकी सरकारच्या अनास्थेपुढे ती योजना तेव्हा साधली नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी तिचा पाठपुरावा सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्यास कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली भारत सरकारने ठरविले की, ज्यांना केवळ जोडणी करावयाची आहे, सुटे भाग येथे घडवावयाचे नाहीत, त्या कंपन्यांना येथे स्थान नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला येथील व्यवसाय गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी संधान बांधले होते. १९५४ साली फियाट ११०० ही छोटी मोटार कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. तिचे इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरांचे होते. कलकत्त्याकडील हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडची मॉरिस मायनर बेबी हिंदुस्थान या नावाने विकली. मद्रासेस स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या होत असत.

या सरकारी धोरणाचा फायदा-तोटा अर्थशास्त्रज्ञांनी जोखावा. सायलेन्सरच्या दृष्टीने मात्र त्याचे फळ स्पष्ट होते. आयात जवळजवळ बंद आणि रस्त्यावर दोन-तीन जातींच्याच मोटारी. त्यामुळे त्यांचे भाग करणारे लहानमोठे कारखाने शहरात व भोवताली निघाले. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मुंबईची टॅक्सी झाली. पुढे तीच जात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. काळ्या-पिवळ्या रंगाच्या हजारो टॅक्सी दिवसरात्र धावत, आणि त्यांचे सायलेन्सर अखंड झिजत. टॅक्सीवाल्यास गाडी एक दिवस उभी ठेवणे म्हणजे एक दिवसाची चूल बंद ठेवणे. म्हणून स्वस्त सायलेन्सर, क्लॅम्प, रबरी टांगण्या, पाइप हे सारे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळे. खासगी फियाटचा मालक या बाजारावर आयता जगत होता. माहीमच्या गृहस्थाची हौस टॅक्सीवाल्याच्या पोटावर उभी होती, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

नव्या शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी नव्या इमारती उभ्या राहिल्या. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागू होती. २००३ सालच्या ऑक्टोबरात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तिचा निरोप समारंभपूर्वक साजरा केला. परंतु त्या दिवशी टॅक्सीबरोबर तिचा बाजारही निवृत्त होऊ लागला, हे थोड्यांच्याच लक्षात आले. गिऱ्हाईक संपले की दुकानदार फळीवरची जागा दुसऱ्या मालास देतो. यात त्याचा दोष नाही.

अशा स्थितीत माहीमच्या फियाटवाल्याला तीन वाटा उरतात. पहिली वाट जुन्या दुकानांची. ऑपेरा हाऊस व लॅमिंग्टन रोडच्या परिसरात मोटारीच्या सुट्या भागांची जुनी पेठ आहे. एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तेल लावून कागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला सायलेन्सर निघतो. परंतु येथे डोळे उघडे ठेवावे लागतात. नावाने एकच असलेली मोटार वर्षागणिक बदलत असे. मॉरिस मायनरचेच पाहा : ९१८, ८०३, ९४८ आणि १,०९८ घन सेंटिमीटर अशी चार मापांची इंजिने तिला वेळोवेळी बसविली गेली. नुसते नाव सांगून आणलेला भाग पाइपाला बसत नाही, बसला तर मागच्या आसाला घासतो. म्हणून मोटारीचे साल, इंजिनाचे माप आणि जुन्या सायलेन्सरची लांबी, जाडी व दोन्ही तोंडांचा व्यास कागदावर लिहून नेणारा मालकच रिकाम्या हाताने परतत नाही.

दुसरी वाट भंगाराची. कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता आणि भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार येथे मोडलेल्या गाड्यांचे भाग विकले जातात. दरवाजा, दिवा, मडगार्ड, घड्याळ यांसाठी ही वाट उत्तम. सायलेन्सरसाठी ती फसवी आहे. जो पत्रा आतून कुजतो तो बाहेरून रंग देऊन नवा दिसतो. अनुभवी मिस्तरी त्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत गंजाचा चुरा आहे असे समजतो. हलवून पाहिल्यास तो चुरा किंवा सुटलेला पडदा आत वाजतोही. मडके घेताना गृहिणी जे करते तेच हे.

याखेरीज परदेशातून मागविण्याचा मार्ग ऑस्टिन सेव्हन व मॉरिस मायनर यांच्या मालकांना मोकळा आहे. इंग्लंडमध्ये या गाड्यांच्या हौशी मंडळींचे जुने क्लब आहेत आणि त्यांच्यासाठी नवे सायलेन्सर आजही तयार होतात. बोटीचे अथवा विमानाचे भाडे आणि जकात सोसण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांना तो सुलभ. कुर्ल्याच्या फियाटची गोष्ट वेगळी. तिचा मूळ देश इटली असला तरी ती येथे दीर्घकाळ घडत व बदलत राहिली. तिचे माहेर तुरिनला, पण तिचा संसार सारा कुर्ल्याला झाला. तिचे दुखणे येथल्या वैद्यालाच अधिक कळावयाचे.

म्हणून तिसरी वाट उरते, आणि तीच खरी वाट होय : कारागिराकडून सायलेन्सर नवा करवून घेणे. हे काम पाहण्याजोगे असते. कारागीर प्रथम जुना सायलेन्सर उभा चिरतो. आत किती कप्पे, पडदे कोणत्या अंतरावर, नळ्यांना भोके किती व कोणत्या व्यासाची, हे तो खडूने पत्र्यावर उतरवून घेतो. मग अठरा गेजचा, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा रुळावर वाकवून नळकांडे करतो, त्याच्या कडा एकमेकींत अडकवून घडी ठोकतो, आणि पडदे व नळ्या आत बसवून दोन्ही टोपणे जोडतो. पाइपाला वळण देताना तो चेपू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरावयाची, दोन्ही तोंडे बंद करावयाची आणि मग तापवून वाकवावयाचा, ही जुनी रीत अजून चालते. शेवटी इंजिन सुरू करून मागच्या तोंडावर चिंध्यांचा बोळा क्षणभर दाबून धरतात. कोठे सांध्यातून फुसफुस ऐकू आली तर तेथे पुन्हा जोड देतात.

यात दिसते त्याहून अधिक शहाणपण लागते. भोके कमी ठेवली तर वायूला वाट मिळत नाही, इंजिन घुसमटते, तापते आणि झडपा जळतात. भोके अधिक ठेवली तर आवाज बाहेर फुटतो. फियाट ११०० ला निराळी लोखंडी चौकट नाही. तिचा सांगाडा व पेटी एकजीव आहेत. त्यामुळे सायलेन्सर टांगणारी रबरे कडक झाली तर साऱ्या गाडीचा ढोल होतो. गंजरोधक पोलादाचा सायलेन्सर केला तर तो कितीतरी अधिक टिकतो. परंतु तो महाग पडतो, घडविण्यास कठीण जातो, आणि त्याचा आवाज थोडा निराळा, धातूसारखा येतो, अशी जुन्या शौकिनांची तक्रार असते. ज्याला गाडी मुलाबाळांना चालवावयास द्यावयाची आहे त्याने टिकाऊपणा पाहावा; ज्याला ती जशी होती तशी ठेवावयाची आहे त्याने साधा पत्रा घ्यावा आणि काही वर्षांनी पुन्हा कारागिराच्या दारी जाण्याची तयारी ठेवावी.

सरकारनेही आता जुन्या मोटारींची दखल घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, पेटी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी विंटेज म्हणून नोंदता येते. तिला वेगळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो, आणि प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. हे उचितच झाले. परंतु मूळ स्वरूप राखा, असे नियमात लिहिणे सोपे आहे. ते राखणारा हात कोठून आणावयाचा, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसते. ज्या मिस्तऱ्याने हजारो फियाटी हाताळल्या, त्याचा मुलगा आज संगणकावर चालणाऱ्या मोटारींचे काम शिकतो. त्याला दोष कोण देईल? जुन्या सायलेन्सरवर त्याचे घर चालत नाही.

माहीम व वांद्रे यांना जोडणारा कॉजवे १८४५ साली खुला झाला, तो लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या १,५७,००० रुपयांच्या देणगीतून. त्यांचे नाव त्या रस्त्याला राहिले आणि रस्ता आजही वाहतो आहे, कारण पिढ्यान्पिढ्या कोणीतरी त्याची डागडुजी करीत आले. मोटारीचेही तसेच आहे. कारखाना मोटारीला जन्म देतो; तिला जिवंत ठेवतो तो दुरुस्त करणारा. कारखाना बंद पडून वीस वर्षे लोटली तरी माहीमच्या गल्लीत फियाट उभी आहे, याचे श्रेय तिच्या पोटाखाली उताणे पडून राहिलेल्या अनाम माणसांचे आहे.

यातून जुन्या मोटारीच्या मालकाने घ्यावयाचा बोध अगदी व्यावहारिक आहे. फुटलेला सायलेन्सर भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकू नये. तो कितीही गंजलेला असो, त्याच्या पोटात पडदे, कप्पे व भोके यांचा हिशेब शाबूत असतो, आणि ज्या वस्तूचा कारखाना व नकाशा दोन्ही हाताशी नाहीत तिचा तोच एक नकाशा. तो चिरून, मापे घेऊन, ती मापे लिहून ठेवावी; आणि आपल्या ओळखीचा कारागीर आहे तोवर त्याच्याकडून एकाऐवजी दोन सायलेन्सर करून घ्यावे. एक गाडीला लागेल. दुसऱ्यामुळे कारागिराला काम मिळेल, आणि कदाचित त्याच्या शेजारी उभा राहून पाहणाऱ्या एखाद्या पोराला विद्या मिळेल. मग रविवारी सकाळी ती फियाट पुन्हा गल्लीतून निघेल, आणि गॅलरीतल्या शेजाऱ्यांना ती गेल्याचे कळणारही नाही. सायलेन्सर चांगला असल्याची खूण तीच.